सोळा बाय सोळाचं शेत

पडद्यावरच्या शेतातलं पीक बुडत नाही, कोणी नेत नाही, मातीमोल विकावं लागत नाही. जगभरची माणसं एवढ्यासाठी रात्र रात्र जागतात.

*

आम्ही तिघं मिळून असा एक खेळ करतो आहोत. दिवसा तिघांच्याही नोकऱ्या अंधेरीत. एक जण बँकेचं ॲप दुरुस्त करतो, एक जण जाहिरातींतली चित्रं हलवते, मी दुसऱ्यांच्या मालाचं वर्णन लिहितो. रात्रीची जेवणं उरकली की बोरिवलीच्या एका वन बीएचकेत कोकणातलं गाव उघडतं. चार खाचरं, एक विहीर, एक बिघडलेला पंप, एक राखणदार. अशा खेळांना कोझी म्हणतात. मारामारी नाही, हरणं नाही. पेरावं, शिंपावं, शेजारणीला भोपळा नेऊन द्यावा आणि दिवा मालवावा.

यात नवीन काही नाही. मियाझाकीकडच्या खेड्यातून टोकियोत आलेल्या यासुहिरो वादा यांनी १९९६ मध्ये ‘बोकुजो मोनोगातारी’ केला, तेव्हापासून हा प्रकार चालू आहे. पुढे सिएटलच्या एरिक बॅरोनने साडेचार वर्षं एकट्याने खपून ‘स्टारड्यू व्हॅली’ उभा केला. कोड त्याचा, चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. पोटापाण्यासाठी तो एका नाट्यगृहात प्रेक्षकांना खुर्च्या दाखवायचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये खेळ आला आणि २०२४ संपेपर्यंत त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. गाव सोडून आलेल्याने शेतीचा खेळ करावा आणि शेतात कधी पाय न टाकलेल्यांनी तो विकत घ्यावा, हा व्यवहार खऱ्या धान्याच्या व्यवहारापेक्षा सुरळीत चालतो.

आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. त्यातल्या मुलीच्या हातात त्रिशूळ आहे. भारतीय खेळ म्हटला की पुराण हवंच, असं तेव्हापासून अधिकच मानलं जाऊ लागलं. खुरपं कोणी कोणाच्या हातात फारसं दिलेलं नाही. खुरप्याला ट्रेलर चांगला होत नाही, हे खरंच आहे.

*

‘स्टारड्यू’ची सुरुवात आजोबांच्या पत्राने होते. कंपनीतल्या खुराड्याला विटलेला नातू लखोटा फोडतो, आत शेताची मालकी. तलाठी नाही, फेरफार नाही, हरकतीची मुदत नाही.

आम्हालाही पहिलं दृश्य वारशाचंच हवं होतं. म्हणून नमुन्यादाखल एक खरा सातबारा समोर ठेवला. नावंच दीड पान. त्यात वारलेले होते, लग्न होऊन गेलेल्या आत्या होत्या, एक काका दुबईचे, आणि एक असा की तो कुठे आहे हे कोणालाच सांगता येईना. कोकणात पुष्कळ ठिकाणी जमीन सामाईक राहते. सगळ्यांची असते म्हणून कोणी विकू शकत नाही, आणि सगळ्यांची असते म्हणून कोणी कसतही नाही. तिघांनी विचार केला: खेळणाऱ्याने आधी सगळ्या भावकीच्या सह्या गोळा करायच्या असं ठेवलं तर? डोंबिवली, नालासोपारा, सुरत, दुबई. प्रत्येक सहीमागे एक रुसवा. हा खेळ उत्तम झाला असता, फक्त त्यात शेतीची पाळीच आली नसती.

शेवटी लखोटाच ठेवला.

*

महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. नाहीतर सरकारी परवानगी काढावी लागते. १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. कायद्याचा हेतू चांगला होता, शेठजींनी रानं गिळू नयेत म्हणून. पण शेतकरी व्हायचं असेल तर आधी शेतकरी असा, हे वाक्य मुलुंडच्या एखाद्या गॅलरीत चार कुंड्या लावून बसलेल्या माणसाने वाचावं. खेळात हे कलम नसतं. कोझीपणाचा अर्धा भाग इथेच तयार होतो: काय घातलं यापेक्षा काय काय वगळलं, यात.

*

बोरिवली हेही शेतच होतं. कान्हेरीच्या लेण्यांत कोणी भिक्षुसंघाला मंगलस्थानातलं शेत दान दिल्याची नोंद दगडात कोरलेली आहे. मंगलस्थान म्हणजे आजचं मागाठाणे, जिथे बेस्टचा डेपो आहे आणि मेट्रोचं स्टेशन आहे. दानाची नोंद टिकली. शेत टिकवण्याची कला मात्र दगडालाही जमली नाही.

उपनगरातल्या कुठल्याही सोसायटीची जुनी फाइल उघडा. भोगवटा पत्र, नकाशे, आणि त्यांच्या खाली कुठेतरी पिवळा पडलेला बिनशेतीचा आदेश असतो. अमुक सर्व्हे नंबर, अमुक गुंठे, अमुक तारीख. शेत मेल्याची तारीख इतकी नेमकी कागदावर असते आणि ती वाचायला कोणी जात नाही. मिटिंगमध्ये पार्किंगचा विषय निघतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन गावठाणांत आगेरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला जातात. गोराई-मनोरीकडे अजून थोडी खाचरं आहेत. बाकी बऱ्याच गावठाणांत सण उरला आणि भात गेलं. लोंब्या कुठून तरी आणाव्या लागतात. आम्ही करतो आहोत ते यापेक्षा फार वेगळं नाही, आमच्या लोंब्या फक्त हिरव्या पिक्सेलच्या आहेत.

आणि खोटं गाव उभारण्यात तर उपनगराचा हात कोणी धरू नये. गोरेगावची चित्रनगरी १९७७ ची. तिथे फळ्या-प्लॅस्टरचे वाडे, पाणी नसलेल्या विहिरी, पाटीवर रोज वेगळं नाव घेणारं एकच गाव. त्याच डोंगरात आदिवासींचे पाडे आहेत, खरी चूल, खरा धूर. मालिकेतलं गाव बघायला लोक नऊ वाजता बसतात. पाड्याला बघायला बिबळ्या येतो.

*

चार ऋतूंचा खेळ करणं सोपं. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा, पानं पिवळी झाली की शरद, बर्फ पडला की विश्रांती. आमची पहिली भांडणं कॅलेंडरवर झाली.

‘स्टारड्यू’त पाऊस पडला की सुट्टी. झाडांना पाणी घालायचं काम आभाळ करतं, तुम्ही खाणीत जा, मासे मारा, गप्पा मारा. कोकणात नेमकं उलटं. पाऊस पडला की कंबर मोडेस्तोवर काम, आणि ते पावसातच करायचं. राबाच्या जागेत वाढलेला तरवा उपटायचा, मुठी बांधायच्या, खाचरात पाणी साठलं तोवर चिखलणी करून लावून मोकळं व्हायचं. पाणी ओसरलं तर चिखल धरत नाही, फार झालं तर मुठी वाहून जातात. पाऊस म्हणजे हवामान हे शहरात आल्यावर कळलं. गावात तो मुकादम होता.

मग आमच्या खेळात पावसाचा दिवस सगळ्यात थकवणारा ठेवला. खेळून बघणाऱ्या पहिल्याच मुलीने विचारलं, पाऊस पडल्यावर आराम का नाही? ती घाटकोपरची. पावसात तिचं ऑफिस बंद होतं, गाड्या बंद होतात, आई भजी करते. तिच्या हिशेबाने तिचंही बरोबर होतं. पाऊस कोणासाठी काम आणि कोणासाठी सुट्टी, यावरून माणूस कुठे राहतो ते सांगता येतं.

*

लावणी करणारी बाई मागे मागे चालते. पुढे चाललं तर आत्ताच लावलेली रोपं पायाखाली जातील. डोक्यावर इरलं, डाव्या हातात मूठ, उजव्या हाताने तीन-चार काड्या सुट्या करून अंगठ्याने चिखलात रोवायच्या, आणि पाय न बघता मागे घ्यायचा. बघून शिकायला सोपं, पडद्यावर आणायला भयंकर. खेळ बनवायची सगळी हत्यारं असं धरून चालतात की पात्राचं तोंड जिकडे, ते तिकडेच चालणार. तोंड उत्तरेला आणि चाल दक्षिणेला असं सांगितलं की आमची बाई जागच्या जागी गिरक्या घेऊ लागायची. कोड लिहिणाऱ्याने आठवडाभर डोकं घातलं. मग एका रात्री ती नीट मागे सरकली, आणि तिच्या समोर हिरव्या ओळी उगवत गेल्या. तिघंही गप्प बसून ते बघत राहिलो. शेतीत प्रगती मागे चालून होते, असं कोणीतरी म्हणायला हवं होतं. कोणी म्हटलं नाही, बरं झालं.

चित्रं काढणारीची अडचण वेगळी. प्रत्येक रोपाला सोळा बाय सोळा पिक्सेलचा चौकोन. एवढ्यात भाताच्या सगळ्या अवस्था दिसायला हव्यात: तरवा, फुटवे, पोटरीत आलेलं, निसवलेलं, दूध भरलेलं, पिकलेलं. निसवणं ती दोन पिवळट ठिपक्यांत दाखवते. दाणा भरला हे दाखवायला तिने एक युक्ती केली. लोंबीचा शेवटचा पिक्सेल एक घर खाली आणि एक घर बाजूला सरकवला. मान झुकली. एका ठिपक्यात वजन आलं. पोचट लोंबी मात्र सरळ उभी राहते. ती काढायला तिला काहीच करावं लागलं नाही.

‘स्टारड्यू’त भात आठ दिवसांत कापणीला येतं. आम्ही हळवं, निमगरवं आणि गरवं असं तीन जातींचं ठेवलं आहे. हळवं लवकर येतं, त्यात कर्जत-३, रत्नागिरी-२४ अशी दापोली विद्यापीठाकडची नावं. गरवं उशिरा येतं आणि तोवर जीव टांगणीला. कोणीतरी विचारलं, हळवं लवकर मिळतं तर गरवं कोण लावेल? सखल, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचराला विचारा, म्हटलं. जात माणूस निवडत नाही, जमीन निवडते.

*

पावसाचा अंदाज खेळात कसा द्यायचा, यावर उत्तर पंचांगात सापडलं.

सूर्य मृगात शिरतो जूनच्या सात-आठ तारखेला. तिथून आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य करत पावसाची नक्षत्रं पुढे जातात, एकेकाला तेरा-चौदा दिवस. आणि प्रत्येक नक्षत्राला एक वाहन. आजी म्हणायची, यंदा मृग कोल्ह्यावर बसून आलाय, म्हणजे हुलकावणी देणार. लहानपणी वाटायचं कोणी तरी डोंगराच्या टोकावर जाऊन ते बघून येत असेल. प्रत्यक्षात हा सरळ हिशेब आहे. सूर्य नव्या नक्षत्रात जातो तेव्हा चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते बघायचं, दोघांमधली नक्षत्रं मोजायची, त्या आकड्याला नऊने भागायचं. बाकी एक उरली तर घोडा, दोन तर कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव. काहीच उरलं नाही तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर. कोल्हा-मेंढा आले की आभाळाकडे बघत बसा.

कोड लिहिणारा हे ऐकून खुर्चीतून उठलाच. भागाकाराची बाकी घेऊन हवामान ठरवायचं, हेच तर तो रोज करतो. त्याच्याकडे त्याला नाव नव्हतं, आणि हत्तीही नव्हता. ओळ एकच लिहावी लागली. खेळ सुरू झाला की सकाळी आभाळाच्या कडेने एक प्राणी चालत जातो, तेवढंच. पुढे काय होणार ते खेळणाऱ्याने समजून घ्यायचं.

पाऊस त्या गणिताप्रमाणे पडतो का? नाही पडत. पण पंचांगाने एक उपकार केला. पाऊस चुकला की राग ढगावर जात नाही, देवावरही जात नाही, कोल्ह्यावर जातो.

वरची मर्यादा मात्र आम्हाला ठरवता येईना. पाऊस कमीत कमी शून्य, जास्तीत जास्त किती? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहराच्या दोन टोकांना दोन वेगळी आभाळं होती. उपनगरातल्या कोणालाही हा दिवस सांगावा लागत नाही. प्रत्येकाकडे त्याची गळ्यापर्यंतच्या पाण्याची एक गोष्ट आहे. ९४४ हा आकडा घातला की खेळ कोझी राहत नाही. न घातला तर पाऊस मुंबईचा राहत नाही. आमचं गाव कोकणात आहे म्हणून सुटलो, असं म्हणायचं आणि स्लायडर खाली ओढायचा.

*

घाटकोपर-विक्रोळीच्या आसपास गाडीच्या दारातून बघितलं तर रुळांच्या कडेला अजून कुठे कुठे वाफे दिसतात. पालक, माठ, मुळा, भेंडी. ‘ग्रो मोअर फूड’ या जुन्या योजनेत रेल्वे आपल्या कर्मचाऱ्यांना या पट्ट्या लावायला देत आली. नाल्याचं पाणी वापरतात म्हणून त्या भाजीवर कायम बोट ठेवलं गेलं, ते चुकीचंही नव्हतं, आणि आता रेल्वेनेही हात आखडता घेतला आहे.

पण एक माणूस बघितला आहे. फास्ट गाडी येताना तो झारी खाली ठेवतो, डोक्याचं फडकं एका हाताने धरतो, गाडी जाईस्तोवर तसाच उभा राहतो. हजारभर माणसं त्याच्या अंगावरून गेल्यासारखी जातात. मग तो झारी उचलतो आणि ज्या रोपाशी थांबला होता त्याच रोपापासून पुढे सुरू करतो. आमच्या खेळात पात्राला थांबवायचं बटण आहे. त्यामागची कल्पना कोणाची, हे त्या माणसाला कळायचं कारण नाही.

*

खेळात जादू हवी, हे आधीच ठरलं होतं. पाश्चात्त्य खेळांत जादू म्हणजे परीच्या चूर्णासारखा काहीतरी पदार्थ: शिंपडा, भोपळा खोलीएवढा होतो. ‘स्टारड्यू’त रानातले इवलाले जीव तुम्ही दिलेल्या वस्तूंच्या बदल्यात मोडकी वास्तू बांधून देतात. जादू म्हणजे वाढ, किंवा देवघेव.

आपल्याकडची गावची जादू काही वाढवत नाही. ती राखते. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे, त्याला चपला वाहतात, माणसाच्या पायाला कितीतरी मोठ्या होतील अशा. वेतोबा रात्री गावाची फेरी मारतो, म्हणून त्या झिजतात असं लोक मानतात. आरेपासून पालघरपर्यंत वारल्यांचा वाघोबा आहे, दगडावर किंवा लाकडावर कोरलेला वाघ, सोबत चंद्र-सूर्य. त्याच्याकडे कोणी वाघ मारायची ताकद मागत नाही. गुरं राखली, माणसं राखली, पुरे.

म्हणून आमच्या खेळातला राखणदार काहीच देत नाही. वर्षातून एकदा त्याला चपलांचा जोड करून द्यायचा. चांभाराकडे कातडं नेऊन द्यायचं, माप सांगायचं, तयार झाल्यावर रात्री शिवेवर ठेवून यायचं. कोडमध्ये एक आकडा आहे, त्याचं नाव ‘झीज’. रात्री डुकरं आली की झीज वाढते. झीज पूर्ण झाली आणि नवा जोड दिला नसेल तर पुढच्या रात्री शेत उघडं.

खेळून बघणाऱ्या सगळ्यांचा एकच प्रश्न: चपला दिल्या, मिळालं काय?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त छळतो. न झालेलं नुकसान पडद्यावर कसं दाखवणार? खेळाची सगळी भाषा मिळण्याची आहे. नाणं वाजतं, तारा चमकतो, आकडा वर जातो. राखलं गेलं, याला आवाज नाही. संसारातही नसतो. आईने दार लावून घेतलं म्हणून चोर आला नाही, हे कोणाच्या लक्षात राहतं? विम्याचा एजंट याच प्रश्नावर आयुष्यभर झगडतो आणि शेवटी बोनस दाखवून वेळ मारून नेतो. सोसायटीचा वॉचमन रात्रभर बसतो आणि काही घडलं नाही की आपण म्हणतो, हा झोपतोच. तो बऱ्याचदा कुठल्यातरी गावाचं शेत सोडून आलेला असतो. त्याचं शेत कोण राखतं, हे त्याला विचारलं तर तो हसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कित्येकांनी भुईमूग लावायचा सोडला तो पावसामुळे नव्हे, माकडं आणि डुकरांमुळे. माळ्यावर रात्र काढायला घरात माणूस उरलं नाही. तरुण होते ते सगळे चर्चगेट लोकलला.

पुष्कळ घोळ घालून शेवटी चित्रं काढणारीनेच तोडगा काढला. सकाळी शेतात गेलं की बांधाबाहेरच्या चिखलात डुकरांचे खूर उमटलेले दिसतात, दाटीने, इकडून तिकडे. बांधाच्या आत एकही नाही. नाणं नाही, तारा नाही. पुष्कळ जण ते न बघताच पुढे जातात. जे थांबतात, ते त्या वर्षी चपला जरा मोठ्या करून आणतात, असं आमच्या नोंदींत दिसलं. मोठ्या चपलेचा खेळात काहीही फायदा नाही. तो आम्ही ठेवलेलाच नाही.

*

‘फार्मव्हिल’ आठवतो? २००९ मध्ये आला आणि अंधेरीतल्या ऑफिसांत लोक मॅनेजर वळला की कोबी काढायला धावायचे. वेळेवर गेलं नाही तर पीक करपायचं. मित्रांकडे खिळे मागायचे, फळ्या मागायच्या. २०२० च्या ३१ डिसेंबरला तो बंद पडला, कोणाचे डोळे भरले नाहीत. तो शेतीचा खेळ नव्हताच, सावकारीचा होता. वेळ गहाण ठेवायचा आणि हप्ते चुकले की पीक जप्त.

त्याच वर्षी मार्चमध्ये, गाड्या बंद व्हायच्या तोंडावर, ‘ॲनिमल क्रॉसिंग’चा नवा भाग आला. त्यात घरासाठी कर्ज मिळतं. व्याज नाही, हप्त्याची तारीख नाही, जमेल तेव्हा फेडा. बोरिवलीत वीस वर्षांचं गृहकर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला त्या बेटावरचे बोलणारे प्राणी अजिबात खोटे वाटले नसतील. खोटी वाटली असेल ती बँक.

*

आमच्या खेळातला खरा वाद पेटीवरून झाला.

या जातीच्या खेळांत घराबाहेर एक लाकडी पेटी असते. पिकवलेलं तिच्यात टाकायचं आणि झोपायचं. सकाळी पैसे. भाव ठरलेला, वजन कमी नाही, कटती नाही, आडत नाही, हमाली-तोलाई नाही, ‘आज माल फार आलाय’ नाही. सगळ्या भुतांपऱ्यांपेक्षा ही पेटी जादूची आहे, आणि तिला कोणी जादू म्हणत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव किलोला रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात आले २ रुपये ४९ पैसे. चेक मिळाला तो दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. हा हिशेब खेळात घातला तर दुकानातून लोक खेळ परत करतील आणि खाली लिहितील, बॅलन्सिंग खराब आहे. खरोखरच खराब आहे. पण ती तक्रार आम्हाला करून काय उपयोग.

मी पेटी काढून टाकायचा आग्रह धरला. तिच्या जागी पहाटेची लोकल आणली आहे. विरार-वसईकडून फुलं, केळी, पालेभाजी घेऊन लोक मालडब्यात चढतात, तशी. आमचं गाव कोकणात, त्याला लोकल कुठून जोडणार, असं कोड लिहिणारा म्हणाला. राखणदार चपला घालून फिरतो ते चाललं, मग लोकल का चालू नये? गावच्या करवंदीच्या जाळीमागे रात्री एक मालडबा येऊन उभा राहतो, एवढं गृहीत धरायचं. टोपली चढवायची, दारात उभं राहायचं, वसईहून सोनचाफा घेऊन आलेल्या मावशीने जागा दिली तर बसायचं. दादरला उतरलं की भाव.

मावशीचे संवाद मी लिहिले आहेत. ती पहिल्या फेरीत बोलतच नाही. दुसऱ्या फेरीत म्हणते, टोपली आडवी नको ठेवूस, उभी ठेव. तिसऱ्या फेरीत खेळणाऱ्याचं नाव विचारते. चित्रं काढणारीला ती फार आवडली आहे, तिच्या कानातल्या फुलांवर तिने एक अख्खी रात्र घालवली.

भाव किती खाली जाऊ द्यायचा, यावर अजून एकमत नाही. कोड लिहिणाऱ्याने एक मर्यादा घातली आहे: बी, खत आणि चपलांचा खर्च निघेल त्याच्या खाली भाव उतरायचा नाही. कोझी आहे, म्हणाला, एवढं तर हवंच. मी विचारलं, मग हा हमीभाव झाला, आणि तो कोण देणार?

पुढच्या व्हर्जनमध्ये बघू, म्हणाला.